पण तो का पितो?

आमच्या माहेरी मामाच्या दारूवर जेवढी चर्चा झाली तेवढी कुणाच्या लग्नावरही झाली नसेल. आणि प्रत्येकाकडे कारण अगदी तयार. आजी म्हणायची संगत वाईट, कंपनीतली पोरं बिघडवतात. मोठ्या मावशीचं म्हणणं सगळं मामीमुळे, घरात दोन शब्द गोड मिळाले असते तर माणूस बाहेर कशाला गेला असता. शेजारचे एक काका पत्रिका उघडून बसायचे, राहूची महादशा संपली की आपोआप सुटेल म्हणायचे, ती संपून गुरूची लागली, गुरू म्हणे एकदम शुभ, मामा गुरूमध्येही तेवढाच प्यायचा. आणि खुद्द मामाला विचारलं तर एकच शब्द, टेन्शन.

मला लहानपणी ही सगळी कारणं खरी वाटायची. नंतर हळूहळू लक्षात यायला लागलं की बोनस मिळाला तरी मामा पितो आणि बोनस कापला तरी पितो, गणपती बसले म्हणून बसतो आणि विसर्जन झालं म्हणूनही बसतो, सचिन लवकर आउट झाला तर आणि त्याने शंभर मारले तरी. म्हणजे ही निमित्तं होती, कारण कुठेतरी खाली होतं आणि तिथपर्यंत कुणी गेलंच नव्हतं. जायचंही नव्हतं कुणाला असं आता वाटतं, कारण आपल्याकडे कारण शोधणं म्हणजे कुणाच्या तरी माथ्यावर खापर फोडणं. आणि ते बहुतेक वेळा बायकोच्याच माथी फुटतं. मामी ह्या घरात आली त्याच्या आधीपासून मामा पीत होता हे सगळ्यांना माहीत होतं, लग्नच मुळात "जबाबदारी आली की सुधारेल" म्हणून लावून दिलेलं, आणि नंतर त्याच मामीला विचारायचे, तू काय केलंस म्हणून तो एवढा पितो.

ह्या विषयावर मी बरीच वर्षं वाचतेय, ऐकतेय, व्यसनमुक्ती केंद्रांच्या फॅमिली मीटिंगना बसलेय. डॉक्टर नाहीये मी, आधीच सांगते. पण काही गोष्टी इतक्या उलट्या समजल्या जातात की लिहावंसं वाटलं.

पहिली गोष्ट म्हणजे सुरुवातीचं कारण आणि पंधरा वर्षांनंतरचं कारण एक नसतं. सकाळी मामा चहाला बसायचा तेव्हा कप बशीवर वाजायचा, टक टक टक असा बारीक आवाज, आणि तो वाजू नये म्हणून मामा बशी बाजूला सरकवून कप दोन्ही हातांनी धरायचा आणि तोंड खाली कपापाशी न्यायचा. आम्ही सगळे तेव्हा पेपरात बघायचो. मग तो बाथरूममध्ये जायचा, तिथे गीझरच्या मागे चपटी ठेवलेली असायची, आणि दहा मिनिटांनी बाहेर यायचा तेव्हा हात स्थिर. मस्त दाढी करायचा मग, एक कापलेलं नाही. आजी म्हणायची बघा, सकाळी सकाळी सुद्धा मजा मारायला पाहिजे ह्याला. आता ह्यात मजा कुठून आली? दारू मेंदूचा ब्रेक दाबते, आणि रोज रोज कुणी ब्रेक दाबून ठेवला की मेंदू स्वतःला चालू ठेवायला ॲक्सिलेटरवर पाय वाढवत नेतो, मग एक दिवस दारू नाही मिळाली की ब्रेक सुटलेला आणि ॲक्सिलेटर तसाच पूर्ण दाबलेला, त्यातून थरथर, घाम, झोप नाही, छातीत धडधड, कुणाकुणाला फिट येते, कुणाला भिंतीवर किडे दिसायला लागतात. सकाळची ती क्वार्टर औषध म्हणून घेतलेली असते. म्हणूनच बरीच वर्षं रोज भरपूर पिणाऱ्या माणसाला घरच्यांनी खोलीत कोंडून "बघू कशी सुटत नाही" असं करू नये, त्यात माणूस दगावू शकतो, डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळ्या देऊन उतरवावी लागते. हे मी मोठ्या आवाजात सांगतेय कारण कोंडण्याचा प्रकार आमच्याच घरात होऊन गेलाय.

मामा एकदा मला म्हणाला होता, "आता मजा येत नाही गं, पण राहवत पण नाही." तेव्हा मला ते फिल्मी वाटलेलं. नंतर वाचनात आलं की मेंदूत एखादी गोष्ट आवडणं आणि ती हवी हवी होणं ह्यांच्या यंत्रणाच वेगळ्या आहेत. केंट बेरिज नावाचे अमेरिकन शास्त्रज्ञ ह्यावर वर्षानुवर्षं काम करतायत, डोपामाइन ज्याला सगळे आनंदाचं रसायन म्हणतात ते खरं तर त्या हवंहवंसं वाटण्याशी जास्त जोडलेलं आहे. व्यसन जुनं होत जातं तशी आवड कमी होत जाते आणि तलफ मात्र वाढत जाते. म्हणजे माणूस न आवडणारी गोष्ट जिवाच्या आकांताने मिळवत राहतो, आणि बाहेरून बघणारा म्हणतो किती आवडते बघा ह्याला.

बरं मग रक्तात असतं का? असतं, काही प्रमाणात. जुळ्यांवर आणि दत्तक मुलांवर जे अभ्यास झालेत त्यातून दारूच्या व्यसनाचा धोका साधारण अर्धा आनुवंशिकतेतून येतो असं निघालंय. पण म्हणजे दारूचं असं एखादं जीन सापडलंय असं नाही, पुष्कळ छोट्या छोट्या गोष्टी आहेत, कुणाला पहिल्या पेगलाच खूप बरं वाटतं, कुणाला चढतच नाही म्हणून जास्त लागते, कुणाचा स्वभावच पुढचं न बघता उडी मारायचा. पूर्व आशियातल्या बऱ्याच लोकांच्या शरीरात दारू पचवणारं एक एन्झाइम नीट चालत नाही, दोन घोटांत तोंड लालबुंद, मळमळ, त्यांच्यात दारूचं व्यसन कमी आढळतं, म्हणजे उलट बाजूनेही जीन काम करतं.

आमच्या घरात आजोबा प्यायचे. हे मला तिशीनंतर कळलं. तोपर्यंत आजोबांबद्दल एकच वाक्य होतं, "ते फार तापट होते." बास.

आणि आजी, जी आयुष्यभर संगतीला दोष देत राहिली, ती स्वतः मिश्री लावायची. दुपारी सगळे झोपले की गॅसवर जुना लोखंडी तवा ठेवायचा, त्यावर तंबाखू काळीभोर होईपर्यंत भाजायची, तो वास आख्ख्या घरात, डोळ्यांतून पाणी, मग खलात कुटून डबीत भरायची. सकाळी लावायची, दुपारी लावायची, रात्री झोपताना लावायची, आणि डबी सापडली नाही की घरात कुणाची खैर नसायची. त्याला कुणी व्यसन म्हटलं नाही. दात घासणं होतं ते. २०१६-१७ च्या सरकारी सर्व्हेत महाराष्ट्रात २६.६ टक्के मोठी माणसं कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होती, आणि त्यात सिगरेट-बिडीवाले अगदी थोडे, बाकी सगळी पुडी, चुना, मावा, मिश्री. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, बंदी कशी आहे ते कुठल्याही टपरीसमोरच्या भिंतीवर बघा.

आता लहानपण. हा भाग मला सगळ्यात अवघड जातो लिहायला.

आमचं आजोळ मूळचं नारायण पेठेतलं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, त्याच्या पाण्याने खडकवासलाही गेलं आणि मुठेकाठच्या पेठांमध्ये पाणी शिरलं, हे पुण्यातल्या प्रत्येक जुन्या घरात सांगितलं जातं. आजोबांचं वह्या-पाट्यांचं छोटं दुकान होतं, जून-जुलै म्हणजे शाळांचा सीझन, माल भरलेला, सगळा लगदा झाला. मामा पाच वर्षांचा होता, आई आठ. नंतर पूरग्रस्तांच्या वसाहतीत दोन खोल्या मिळाल्या आणि आजोबा दुसऱ्याच्या दुकानात नोकरीला लागले. आईने मला हे एका संध्याकाळी मेथी निवडताना सांगितलं, मान वर न करता, की आजोबा तेव्हापासून प्यायला लागले आणि पट्टा मामावरच जास्त निघायचा, मुलींवर नाही. मेथी संपली तशी ती उठून गेली, त्यावर परत कधी बोललो नाही.

अमेरिकेत १९९८ मध्ये एक मोठा अभ्यास छापून आला, फेलिट्टी आणि अँडा ह्या डॉक्टरांचा, सॅन दिएगोच्या एका दवाखान्यातल्या हजारो लोकांना त्यांच्या लहानपणाबद्दल विचारलं होतं. मारहाण, अपमान, लैंगिक अत्याचार, घरात कुणी दारुडं, कुणी मानसिक आजारी, कुणी तुरुंगात, आईला होणारी मारहाण असले प्रश्न. ज्यांच्या वाट्याला ह्यातले चार किंवा जास्त प्रकार आले होते त्यांच्यात मोठेपणी दारूचं व्यसन असण्याचं प्रमाण काहीच न आलेल्यांच्या तुलनेत सुमारे सात पट होतं. आणि ही काही झोपडपट्टीतली माणसं नव्हती, विमा असलेली, बरीचशी कॉलेज शिकलेली मध्यमवर्गीय माणसं होती. ह्याचं कारणही कळण्यासारखं आहे, ज्या पोराला घरात पाऊल कुणाचं वाजलं हे ओळखत मोठं व्हावं लागतं त्याचं शरीर सतत तयारीत राहायला शिकतं, ते तयारीत असणं पुढे चाळिशीतही बंद होत नाही, आणि दारू ते बंद करते. काही तासांपुरतं का होईना.

पण मग पानशेतमुळे मामा प्यायला असं म्हणायचं का? मला तो मोह होतो, गोष्ट छान जुळते. पण आई त्याच पुरात होती, त्याच दोन खोल्यांत वाढली आणि तिने आयुष्यात पानसुपारीही खाल्ली नाही. ती दिवसातून चार वेळा फरशी पुसते ती गोष्ट वेगळी, आणि तेही काय आहे मला माहितीय. धोका सात पट म्हणजे नशीब नाही, चार प्रकार भोगलेली पुष्कळ माणसं कधीच पीत नाहीत. आणि घरात सगळं व्यवस्थित असलेली पोरंही पुरेशी सापडतात केंद्रात, त्यांच्या आया बिचाऱ्या शोधत बसतात आपलं कुठे चुकलं.

ह्यावरून गर्दचे दिवस आठवतात. ऐंशीच्या दशकात पुण्या-मुंबईत ब्राऊन शुगर आली, तिला गर्द म्हणायचे आणि ओढणाऱ्यांना गर्दुल्ले, पन्नीवर पूड ठेवून खालून काडी लावायची आणि धूर ओढायचा. कॉलेजमधली चांगल्या घरातली पोरं, रिक्षावाले, वेटर, सगळे. अनिल अवचटांनी त्यावर फिरून लेख लिहिले, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई मदतीला उभे राहिले, आणि २९ ऑगस्ट १९८६ ला येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं, अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट तिथेच मनोविकारतज्ज्ञ होत्या. ह्यात कारणाबद्दल एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. पुण्यातल्या पोरांचं बालपण ऐंशी साली अचानक वाईट झालं नव्हतं, त्यांची जनुकं बदलली नव्हती, घरोघरचे बाप जसे होते तसेच होते. बदललं ते एवढंच की पुडी स्वस्तात कोपऱ्यावर मिळायला लागली. उपलब्ध असणं हे सगळ्यात कंटाळवाणं कारण आहे म्हणून कुणी त्याची चर्चा करत नाही. महाराष्ट्रात कायद्याने बिअरला २१ आणि कडक दारूला २५ वय लागतं, १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे प्यायला परमिटही लागतं, तुम्हाला कधी कुठल्या वाइन शॉपमध्ये वय विचारलंय का? मला तरी रांगेत कॉलेजची बॅग लावलेली पोरं दिसतात.

परिस्थिती बदलली की माणूस किती बदलतो ह्याचं मला सगळ्यात थक्क करणारं उदाहरण व्हिएतनामचं वाटतं. १९७१ च्या सुमाराला तिथल्या अमेरिकन सैनिकांपैकी जवळपास वीस टक्के जण आपण हेरॉइनच्या आहारी गेलोय असं सांगत होते, सरकार घाबरलं, हे हजारो जण परत आल्यावर काय होणार. ली रॉबिन्स नावाच्या बाईंनी परतलेल्यांचा माग काढला तर त्या व्यसनी झालेल्यांपैकी पहिल्या वर्षात पुन्हा अडकलेले फक्त पाच टक्क्यांच्या आसपास निघाले. हेरॉइनबद्दल बोलतोय आपण. ती भीती गेली, तो चिखल आणि कंटाळा गेला, कोपऱ्यावर मिळणारा शुद्ध माल गेला, घर आलं, आणि बहुतेकांचं सुटलं. त्याच दशकात कॅनडात ब्रूस अलेक्झांडर ह्यांनी उंदरांवर प्रयोग केला, एकेकटे पिंजऱ्यात ठेवलेले उंदीर मॉर्फीनचं पाणी भरपूर प्यायचे आणि मोठ्या जागेत, सोबतीने, खेळायला बिळायला असलेले खूप कमी. नंतर इतरांनी तो करून बघितला तेव्हा सगळीकडे तसंच आलं नाही, त्यामुळे रील्सवाले सांगतात तेवढं ते सरळ नाहीये. "व्यसनाचा उलट शब्द प्रेम" वगैरे पोस्ट मला बघवत नाहीत, आमच्या मामावर कमी प्रेम केलं का मामीने? तरीही एकटेपणा आणि रिकामं असणं ह्यात काहीतरी आहे हे नक्की.

ते मला मामापेक्षा एका पोराकडे बघून जास्त कळलं.

माझ्या चुलत दिरांचा मुलगा, करमाळ्याचा, राज्यसेवा करायला पुण्यात आला. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर, एका खोलीत पाच कॉट, प्रत्येकाच्या उशाशी चार्जरची वायर आणि भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा. सकाळी अभ्यासिका, दुपारी मेस, परत अभ्यासिका. हुशार पोरगा, हातात पुस्तक घेऊनच बोलायचा. आधी जाहिरातीची वाट, मग पूर्व, मग मुख्य, मग कुणीतरी कोर्टात गेलं म्हणून निकाल लांबला, मग परत जाहिरातीची वाट. घरी गेला की लोक विचारणार, काय झालं रे तुझं, म्हणून सणालाही जायचा नाही. तो ऑनलाइन रमी खेळायला लागला. पहिल्यांदा थोडे जिंकला, अर्थातच. मग मेसचे पैसे गेले, मग मित्रांचे, मग लोन ॲपवाल्यांचे फोन वडिलांना यायला लागले तेव्हा कळलं.

त्याला मी विचारलं होतं, अरे पण त्यात बसून तुला वाटायचं काय? मला वाटलं म्हणेल पैसे, झटपट श्रीमंती. तो म्हणाला, "काकू, तिथं पाच मिनिटांत निकाल लागतो."

मी गप्पच बसले. दोन-दोन वर्षं ज्याला पास का नापास हेच कळत नाही त्याला हरलास असं सांगणारं सुद्धा कुणीतरी हवं असतं. जुगारात पोटात काहीच जात नाही, तरी ती तलफ, ती चिडचिड, लपवाछपवी सगळं दारूसारखंच, जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत जुगाराचं व्यसन दारू-ड्रग्जच्या व्यसनांच्या शेजारीच बसवलंय. आणि बक्षीस कधी येईल ह्याचा नेम नसला की मेंदू जास्त चिकटतो हे तर ॲप बनवणाऱ्यांना आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर केंद्राने कायदा करून बंदी आणली, चांगलं झालं, पण त्या पोराचं कर्ज आधीच झालं होतं.

तर माझं म्हणणं आता सांगते. "तो का पितो" हा प्रश्नच माणसाला खोटं बोलायला लावतो. कारण उत्तरात तो टेन्शन म्हणणार, बायको म्हणणार, बॉस म्हणणार, आणि आपण ते खरं-खोटं करत बसणार. मामा शेवटी ज्या केंद्रात गेला तिथल्या समुपदेशक बाईंनी त्याला हे विचारलंच नाही. फॅमिली मीटिंगला आम्ही सगळे गोल करून बसलो होतो, आजीसुद्धा आलेली, आणि बाई म्हणाल्या, "काका, अगदी पहिल्यांदा प्यायलात ना, तेव्हा काय बरं वाटलं होतं ते आठवतंय का?"

मामा खूप वेळ खाली बघत होता. मग म्हणाला, कंपनीत नवीन लागलो होतो, ग्रुपबरोबर सिंहगडाच्या पायथ्याला गेलो होतो पार्टीला, दोन पेग झाले आणि मी एक जोक सांगितला. बाई म्हणाल्या, मग? मामा म्हणाला, "पू-पूर्ण सांगितला."

मामा अडखळत बोलतो. लहानपणापासून. आम्हाला त्याची इतकी सवय की ते दिसेनासंच झालं होतं, घरात त्याची वाक्यं आम्हीच पूर्ण करायचो, फोन मामीच घ्यायची, कंपनीत वरच्या पोस्टची संधी आली तर त्याने नको म्हटली कारण मीटिंगमध्ये बोलावं लागतं. इतक्या वर्षांच्या चर्चेत, राहू झाला, मामी झाली, संगत झाली, पण हे एकदाही कुणाच्या डोक्यात आलं नाही. पुराच्या आधीपासून अडखळायचा की नंतर, हे आईला आठवत नाही, आणि मला ते जुळवायचंही नाहीये. आजी त्या दिवशी रिक्षात म्हणाली, "एवढ्याशासाठी?" तिला खरंच कळलं नव्हतं. चाळीस माणसांत आयुष्यात पहिल्यांदा एक जोक शेवटपर्यंत सांगता येणं आणि सगळे हसणं, दोन्ही तुमच्यासाठी रोजचं असेल तर ते एवढंसंच वाटणार.

दारूने त्याच्यासाठी एक काम केलं होतं, आणि चोख केलं होतं. रमीने त्या पोरासाठी केलं. आजीची मिश्रीसुद्धा तेच करत असणार, आख्ख्या दिवसात तिच्या एकटीच्या मालकीची ती दहा मिनिटं होती, तेव्हा कुणी तिला हाक मारायचं नाही.

आता हे कळलं म्हणून मामाची दारू सुटली का? नाही हो. सिनेमात तसं होतं. केंद्रातून आल्यावर काही महिन्यांत मामाची स्लिप झाली, म्हणजे परत प्यायला, कारण माहीत असून. मुळात कारण सापडणं आणि थांबणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या बाईंनीही सांगितलं होतं की आधी थांबा, मग शोधत बसू, पिता पिता कारण शोधलं तर शोधण्याचं निमित्त करूनही पिता येतं. त्याचं हळूहळू सुटलं ते बारीकसारीक, अजिबात ग्रेट न वाटणाऱ्या गोष्टींनी. गोळ्या. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ह्या दारू सोडणाऱ्यांच्याच गटाच्या मीटिंग, तिथे कुणीच कुणाचं वाक्य पूर्ण करत नाही, माणूस अडखळला तर थांबतात, फुकट आहे आणि पुण्यात बऱ्याच ठिकाणी चालतात. संध्याकाळी सात ते नऊ ही वेळ भरून काढणं, त्याच वेळी तो आता नातवाला क्लासला सोडतो आणि बाहेर कट्ट्यावर बसून राहतो. भूक, राग, एकटेपणा, थकवा, ह्या चारांपैकी काय झालंय ते आधी बघायचं आणि मग तलफेचं बघायचं. आणि मामी स्वतः बायकांच्या ग्रुपला जायला लागली, तिथे तिला पहिल्यांदा कुणीतरी सांगितलं की बाई तुझ्यामुळे तो पीत नाही आणि तुझ्यामुळे तो थांबणारही नाही. ती म्हणते ते वाक्य ऐकून त्या रात्री तिला कितीतरी वर्षांनी झोप लागली.

एम्सने २०१९ मध्ये देशभराचा जो सर्व्हे दिला त्यात दारू पिणारे साधारण १६ कोटी होते आणि दारूमुळे मदतीची गरज असलेले ५.७ कोटी. म्हणजे पिणारे बहुतेक जण अडकत नाहीत हे एक, त्यामुळे "मी पितो मला काही होत नाही" हे तुमचं खरं असू शकतं आणि त्याचा शेजारच्याशी संबंध नसतो. आणि दुसरं, दारूवर पूर्ण अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे एकाला काहीतरी उपचार मिळाला होता. बाकी सदतीस घरांत चर्चा चालू असणार.

परवा त्या करमाळ्याच्या दिरांचा फोन आला. पोरगा सध्या घरी आहे, मोबाइल काढून घेतलाय. मला म्हणाले, "वहिनी, तुमचं वाचन आहे ह्यातलं, काय कारण असेल हो? आमच्यात कुणी पत्त्याला हात लावत नाही." मी म्हटलं भाऊजी, कारण राहू द्या बाजूला, आधी एकूण कर्ज किती आहे ते न ओरडता विचारा, एकदम खरा आकडा सांगणार नाही, दोन-तीनदा विचारावं लागेल. मग सोलापूरला एखादे मनोविकारतज्ज्ञ गाठा, आणि त्याने परीक्षा द्यायची का सोडायची हे त्याच्याशी बसून एकदाचं ठरवा, ते लोंबकळत ठेवू नका. ते हो हो म्हणाले, लिहून घेतलं बहुतेक. मग जरा घुटमळून म्हणाले, "ते करूच हो, पण आम्ही म्हणत होतो की लग्नच करून टाकावं त्याचं, जबाबदारी आली की... टेंभुर्णीची एक मुलगी बघून ठेवलीये."

मी त्या मुलीच्या घरच्यांचा नंबर मागितलाय. अजून दिलेला नाही त्यांनी.